अंजिराखालचा पिवळा रंग

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची. बसमधून उतरले तेव्हा एका हातात रंगांची पेटी, दुसऱ्या हातात चित्र टेकवायचं घडीचं ईझल आणि खांद्यावर धाकट्या बहिणीने शिवलेली कापडी पिशवी, असं माझं ध्यान होतं. न्यायला बागेचा माळी आला होता. ईझलकडे बघून त्याने विचारलं की मॅडम, शिडी कशाला आणलीत, शिडी आहे की आमच्याकडे. घर रंगवायला बाई येणार एवढंच त्याच्या कानावर होतं. मी भिंतींना चुना लावणार अशीच त्याची समजूत! वाटभर मी त्याला समजावत होते आणि तो वाटभर मान हलवत होता. शेवटी म्हणाला, म्हणजे घर आहे तसंच राहणार ना, मग ठीक.

घर फार देखणं आहे. बैठं, उतरत्या कौलांचं, हिरव्या खिडक्यांचं. पुढे लांब व्हरांडा, त्यात वेताच्या दोन खुर्च्या. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत तांबड्या खडीची वाट, दोन्ही बाजूंना गुलाब, डावीकडे एक जुनं अंजिराचं झाड. मला मागची खोली दिलीय. खिडकीतून अख्खी बाग दिसते.

मालकीणबाई सत्तरीच्या असतील. एकट्याच असतात. बोलणं मोजकं. घराचं आणि बागेचं एक मोठं चित्र हवंय, इम्प्रेशनिस्ट पद्धतीचं, घाई नाही, म्हणाल्या.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. प्रमाणपत्र फाईलमध्ये घालून बरोबर आणलंय, कुणी विचारलं तर दाखवायला. कुणी विचारलं नाही. धाकटी दहावीत शाळा सोडून शिलाई मशीनवर बसली म्हणून मी कॉलेजात बसू शकले. घरी हे कुणी बोलून दाखवत नाही, तीही नाही. पण मी विसरत नाही. हे काम झालं की तिला पुन्हा शाळेत घालायचं, असं मी मनाशी ठरवलंय. तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर हसेल.

५ मार्च, बुधवार

काम सुरू. सकाळी आठ ते दहा, मग ऊन चढतं आणि सगळे रंग बदलतात. या पद्धतीत गंमतच ती आहे. घर काढायचंच नाही, त्या घटकेला घरावर पडलेला उजेड काढायचा. रेघ नाही, काळा रंग नाही. सावली आपण काळी समजतो, पण नीट बघितलं तर ती जांभळी असते. ओल्या रंगात ओला रंग, झपझप, फटकाऱ्यांनी.

माळी नाक कॅनव्हासला टेकवून बघत होता. म्हणाला, नुसती चिखलफेक दिसतेय. मी त्याला बारा पावलं मागे जायला लावलं. मग त्याला घर दिसलं. पुन्हा जवळ आला, पुन्हा काही नाही. पुन्हा मागे. लहान पोरासारखं पाच-सहा वेळा पुढे-मागे केलं त्याने.

मालकीणबाईंच्या दोन अटी. खरं तर एक अट आणि एक विनंती. अट अशी की लावलेला रंग खरवडायचा नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं. "चुकलं तर वरून दुसरा रंग चढव, मुली. पण सुरीने काढून टाकायचं नाही."

विनंती त्याहून विचित्र. त्या रोज व्हरांड्यात एका खुर्चीत बसतात, दुसरी रिकामी असते. त्या रिकाम्या खुर्चीत कुणीतरी काढ, म्हणाल्या. कोण, असं मी विचारलं. तुझ्या हाताला येईल ते, म्हणाल्या. मी नम्रपणे नाही म्हटलं. जे दिसतं तेच मी काढते. आमच्या सरांनी चार वर्षं हेच शिकवलं, की डोळ्यांना न दिसलेलं काढू नका, आणि खोटं उतरलेलं संध्याकाळपर्यंत ठेवू नका, ओलं आहे तोवर खरवडून टाका. सरांच्या वर्गात रोज संध्याकाळी सुऱ्यांचा आवाज यायचा.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागावल्या नाहीत. पण त्या चेहऱ्याने मला दिवसभर बरं वाटलं नाही.

८ मार्च, शनिवार

गुलाबांच्या मागे एक निळा बाक आहे, रंग उडालेला. काल तो घेतला. निळा फारच ओरडू लागला, अख्खं चित्र त्या बाकावर जाऊन बसलं. वरून रंग चढवून पाहिला तर चिखल झाला. शेवटी आज संध्याकाळी मी तेवढा तुकडा सुरीने खरवडला. अटीविरुद्ध आहे, कळतंय. पण मालकीणबाईंना चित्रातलं काय कळणार? खोटा निळा ठेवण्यापेक्षा हे बरं.

९ मार्च, रविवार

बाक नाही. सकाळी बघते तर गुलाबांच्या मागे नुसतं गवत, सलग, कुठे दबलेलंही नाही. माळ्याला विचारलं की बाक कुठे हलवला. कुठला बाक, म्हणाला. तीस वर्षं या बागेत आहे, इथे बाक कधी नव्हता, असं शांतपणे सांगितलं आणि मला उन्हात टोपी घालायचा सल्ला दिला.

मी त्या बाकावर बसून डबा खाल्लाय, गुरुवारी. कालच वहीत त्याच्याबद्दल लिहूनही ठेवलंय. का कुणी गंमत करतंय?

१२ मार्च, बुधवार

माळ्याची एक पांढरी मांजर आहे, भुरी. तो तिला नळाजवळच्या वाडग्यात दूध घालतो आणि तिच्याशी बोलतो तेवढं माणसांशी बोलत नाही. काल ती पायरीवर ऊन खात होती म्हणून चार फटकाऱ्यांत तिला धरली. पण ती उठली, निघून गेली, आणि राहिलं ते नुसतं पांढरं गाठोडं. खरवडलं.

आज माळी नळाजवळ वाडगा हातात घेऊन उभा होता. मी विचारलं, भुरी कुठाय. त्याने माझ्याकडे पाहिलं, वाडग्याकडे पाहिलं. म्हणाला, "मॅडम, हे दूध मी कशाला आणलं हो?" मग ते गुलाबांच्या मुळाशी ओतलं आणि कामाला लागला.

मांजरं जातात कुठेही. माळ्याचं वय झालंय. माणसं विसरतात. मी शिकलेली बाई आहे, असलं काही मनात आणणं मला शोभत नाही.

एक मात्र लिहून ठेवते. ८ तारखेचं पान आत्ता वाचलं. निळा बाक. मला तो आठवत नाहीये.

१५ मार्च, शनिवार

धाकटी आली! न कळवता. सकाळच्या बसने येऊन फाटकाशी उभी, आणि तिथूनच हाक, तायडे! जगात तीच एकटी मला तायडे म्हणते. मी ब्रश टाकून धावले.

अस्तराच्या उरलेल्या कापडाचा पिवळा फ्रॉक शिवून घालून आली होती. नवीन म्हणायचं बरं का, असं बजावलं मला. एक वेणी, तिचं टोक चावायची सवय अजून गेली नाही. डाव्या अंगठ्याला सुई लागून कापडाची पट्टी बांधलेली. हसताना तोंडावर हात. लहानपणापासून तसंच, एका दातावर दुसरा दात आलाय म्हणून. माळ्याने तिला अंजिरं काढून दिली. मालकीणबाईंना तिने पाचच मिनिटांत तुमच्या खिडकीच्या पडद्याची पट्टी उलटी शिवलीय म्हणून सांगितलं, आणि त्या चक्क हसल्या.

अंजिराखाली तिला बसवून मी चित्रात घेतलं. तासभर बसणं तिला कुठलं जमतंय. उठून बघायला आली नि म्हणाली, "ही मी? तायडे, मला वाटलं हळद सांडली." बारा पावलं मागे नेली तेव्हा वेणीचं टोक तोंडातून सुटलं. मग म्हणाली की खरंच मी आहे गं.

ती निघाली तेव्हा मी तिला शाळेचं सांगितलं. हसली नाही. पाठ करून उभी राहिली थोडा वेळ. मग दुपारच्या बसने गेली.

संध्याकाळी एकटीने चित्र पाहिलं. पिवळा ताठ झाला होता, जीव नव्हता त्यात. ती अशी नाही. दुसऱ्या कुणाचं खोटं चित्र एकवेळ चालेल, तिचं मी ठेवणार नाही. ओलं होतं तोवर खरवडून टाकलं. पुन्हा येईल तेव्हा नीट काढेन.

१६ मार्च, रविवार

हॉलमधल्या फोनवरून घरी फोन केला, ती नीट पोचली का विचारायला. आई म्हणाली, कोण? मी म्हटलं धाकटी. आईने पुन्हा विचारलं, कुणाची धाकटी. मला वाटलं चेष्टा. आई चेष्टा करत नाही. मी नाव घेतलं, फ्रॉक सांगितला, मशीन सांगितलं. आई घाबरली. "अगं, तू एकटीच ना मला," म्हणाली. मशीन आमच्या घरात कधी नव्हतंच म्हणाली. मग हळू आवाजात विचारलं की तिथे फरशा पुसून झाल्यावर उन्हात फार वेळ बसतेस का, बाईंना सांग, आणि जेवत जा वेळेवर.

फरशा?

खोलीत येऊन फाईल उघडली. दहावीची गुणपत्रिका आहे. त्यापुढे काही नाही. कापडी पिशवीच्या जागी दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी.

ती मशीनवर बसली म्हणून मी कॉलेजात बसले. ती नाही तर—

बाक. भुरी. आणि आता. तिन्ही वेळा माझीच सुरी.

१७ मार्च, सोमवार

माळी मला आता मॅडम म्हणत नाही. पोरी म्हणतो. ईझलकडे बोट दाखवून विचारलं, हे कुणी इथे टाकलंय.

मालकीणबाईंकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. त्या उठल्या आणि मला त्यांच्या खोलीत नेलं. भिंतीवर एक जुनं चित्र, हाच व्हरांडा. त्या तरुण, खुर्चीत बसलेल्या. शेजारच्या खुर्चीवर खरवडलेली जागा. कॅनव्हासची वीण दिसतेय. जागा माणसाएवढी आहे.

त्या जागेवर कोण होतं ते त्यांना माहीत नाही. नवरा, बहीण, मूल, काहीच नाही. फक्त रोज दोन कप बाहेर काढतात, एवढं त्यांच्या हाताला आठवतं. चाळीस वर्षं मालकीणबाई चित्रकारांना बोलावताहेत. सांगितलं तर लोक हसतात किंवा निघून जातात, म्हणून हल्ली फक्त अट घालतात.

मी विचारलं, परत आणता येतं का. त्या म्हणाल्या, "येतं. पण जसं काढशील तसंच येईल. आठवतंय तोवर काढ. फार दिवस आठवत नाही."

आणि रिकाम्या खुर्चीत कुणीतरी काढ म्हणत होत्या ते? मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं की आता कुणीही चालेल.

१८ मार्च, मंगळवार

पहाटेपासून बसलेय कॅनव्हाससमोर. हात ऐकत नाही. ब्रश झाडूसारखा धरला जातोय. अंजिराच्या खोडाशी सावली लावायची तर सावलीचा रंग कोणता तेच आठवेना. काळाच ना? वहीत शोधलं. जांभळा. मीच लिहिलंय. अक्षर माझं आहे.

चार वर्षं शिकले ते हातातून गळून चाललंय. कारण शिकलेच नाही. कारण शिकवलं ते तिच्या मशीनच्या पैशाने. आणि ते परत आल्याशिवाय ती परत आणता येत नाही.

रंग वाहून गेला नुसता. खरवडला नाही. आता काहीच खरवडणार नाही मी.

तिचे डोळे कसे होते? १५ तारखेचं पान चार वेळा वाचलं. फ्रॉक आहे, वेणी आहे, अंगठा आहे. डोळ्यांबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. का लिहीन? समोरच तर होती.

१९ मार्च, बुधवार

आज सकाळी उठले तेव्हा तिचा चेहरा आठवणीतून गेलेला होता. म्हणून वही मांडीवर घेऊन वहीतून काढली. वाक्य वाचायचं, फटकारा मारायचा.

पिवळा, फ्रॉकचा. तपकिरी, वेणीचा. पांढरा टिपका, अंगठ्याची पट्टी. हसताना तोंडावर हात, म्हणून तोंडाच्या जागी हात. आठ फटकारे झाले. डोळ्यांच्या जागी काय लावू कळेना, तिथे त्वचेचाच रंग ओढला.

बारा पावलं मागे गेले. मुलगी आहे. अंजिराखाली मुलगी बसलीय, हसतेय.

ही तीच का, मला सांगता येत नाही. रडू आलं, कुणासाठी ते कळेना.

२० मार्च, गुरुवार, सकाळी

झाडाखाली कुणीतरी आहे. पिवळं.

माळ्याने दारातूनच विचारलं, ही कोण पोरगी आलीय गं, तुझी बहीण का. मी धावले. खडीच्या वाटेवरून बारा पावलांवर, झाडाखाली ती होती. वेणी, फ्रॉक, तोंडावर हात. धाकटी. वहीतली धाकटी. मी अजून पुढे गेले, आणि—

जवळ गेलं की काही नाही. पिवळा ओला रंग, हवेत उभा. कडा हलताहेत. जवसाच्या तेलाचा वास. डोळ्यांवरून एकच आडवा फटकारा. माझा. माझ्या ब्रशचे केस त्यात अडकलेले दिसले.

मागे सरत आले. पुन्हा मुलगी झाली.

दुपारी बारा

झाडाखाली नाही आता. गुलाबांशी आहे. जिथून आली तिथलं गवत पिवळं झालंय.

मालकीणबाई खुर्चीत. घाबरल्या नाहीत. दुसरी खुर्ची जरा पुढे ओढली. "बस म्हणावं तिला. कुणीतरी आलं ना शेवटी," म्हणाल्या.

ती बसली नाही. व्हरांडा ओलांडला. माझ्या खोलीकडे तोंड आहे. तोंड म्हणजे हात.

कडी लावलीय.

दीड वाजता

सुरी हातात आहे. कॅनव्हास खोलीतच आणला होता. चार वेळा सुरी ओढली की संपलं. खोटं चित्र संध्याकाळपर्यंत ठेवू नये, असं कुणीतरी शिकवलं होतं. कोण?

पण ही ती असली तर? मी असंच काढलं म्हणून अशी आली. बिचारीचा काय दोष. एकदा खरवडली, पुन्हा—

नाही.

वहीत लिहिलंय, जगात एकटी तीच तायडे म्हणते. आत्ता दाराबाहेर तेच. हाताआडून बोलल्यासारखं. तायडे. तायडे.

कडीवर पिवळा रंग उतरतोय. दार उघडायला मी उठले नाही. दार उघडंच आहे.

बारा पावलांची खोली नाही ही.

हसतेय. खांदे हलताहेत. आता हात खाली घेतेय. त्या हाताखाली मी काहीच—